आधी वॅट, मग आलेख

प्रिय पोरी,

तुझा आलेख पाहिला. सौरडाग, म्हणजे सूर्यावरचे काळे डाग, ओसरले की मराठवाड्यात दुष्काळ, हे तुझं अनुमान. आणि सगळं सूर्यच करत असेल तर हवा तापवणाऱ्या कार्बनचं काय, हा तुझा गोंधळ. माझा हट्ट तुला ठाऊक आहे: आधी वॅट मांड, म्हणजे ऊर्जेचा हिशेब कर, मग आलेख काढ.

पृथ्वीपाशी चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट ऊन पोचतं. डाग वाढण्या-ओसरण्याच्या अकरा वर्षांच्या सौरचक्रात त्यात फरक पडतो जेमतेम 1 वॅटचा. पृथ्वी गोल, ऊन चौपट पृष्ठभागावर पसरतं, म्हणून त्या 1 वॅटला चारने भाग. तीसेक टक्के ऊन परत फेकलं जातं, तेवढं वजा कर. हाती उरतात 0.18 वॅट, आणि तेही पाच-सहा वर्षांत उलटे फिरतात. 1750 पासून वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा पृथ्वीला तापवणारा भार 2 वॅटच्या वर आहे, तो माघारी फिरत नाही. शिवाय सूर्याने तापवलं असतं तर स्थितांबर, म्हणजे हवेचा वरचा थर, तोही तापला असता. तो थंड होत आलाय.

मग तुझ्या आलेखातल्या लाटा आल्या कुठून? पाच वर्षांच्या चल सरासरीतून, म्हणजे दर वर्षाच्या जागी लगतच्या पाच वर्षांची सरासरी मांडण्यातून! करून बघ. जून ते सप्टेंबरच्या पावसाची वर्षं पत्त्यांसारखी पिसून टाक, तीच सरासरी लाव. लाटा पुन्हा दिसतील. हे हजार वेळा कर आणि पाऊस आणि डागांचा तुझ्याइतका सहसंबंध, म्हणजे जुळून हलणं, किती वेळा निघतो ते मोज. तू डागांनंतर शून्य ते पाच वर्षांचा विलंब धरून पावसाच्या चारही महिन्यांशी जुळवून पाहिलंस, म्हणजे चोवीस जोड्या. पाच टक्क्यांच्या कसोटीवर, म्हणजे शंभरात पाच वेळा योगायोग पास होतो तिथे, त्यातली एखादी निव्वळ योगायोगानेही जुळणं अपेक्षितच. आणखी एक: सौरडागांची मालिका जुलै 2015 मध्ये सुधारली गेली. जुने आकडे ढोबळमानाने नव्यांच्या 0.6 पट आहेत. दोन्ही एकत्र जोडलेस तर खोटी उडी दिसते.

तुझीच दुष्काळी वर्षं घे. 1972 आणि 2015 मध्ये डाग ओसरत होते, 2018 मध्ये जवळजवळ संपले होते, 2023 मध्ये ऐन भरात होते. यात नियम कुठला? 1972, 2015, 2023 या तिन्ही वर्षी एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपला पाऊस बहुधा घटवणारी स्थिती, मात्र होता. तिकडे का बघत नाहीस?

सूर्य काहीच करत नाही, असं मी म्हणत नाही. अतिनील किरण चक्रात काही टक्क्यांनी बदलतात, ओझोनमार्फत वरच्या हवेला हलवतात. खरं काम तिथे आहे. पण तिथेही आधी वॅट!

मी आकडा मागतो म्हणून पोरं नाराज होतात, होऊ देत. तुझा आलेख मोबाइलवर फिरला आणि त्या भरवशावर कुणी मृगात सोयाबीनची बॅग फोडली, तर दुबार पेरणी त्याच्या बोकांडी बसते. पेरणीचं माप 75 ते 100 मिलिमीटर पाऊस आणि जमिनीतली ओल, सौरडाग नव्हेत.

आता आलेख पाठवू नकोस. पिसलेल्या हजार फेऱ्यांचा तक्ता पाठव, कच्च्या आकड्यांसकट.

तुझा,
सर