रोज सकाळी पासवर्ड मागणारं क्रोम

प्रश्न: मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, वय ६८. दिवाळीत बहिणीचा मुलगा आला होता, त्याने माझ्या लॅपटॉपवर क्रोममध्ये कुकीचं काहीतरी सेटिंग करून दिलं, म्हणाला मावशी आता जाहिराती तुझ्या मागे लागणार नाहीत. पण तेव्हापासून जीमेल आणि आमच्या भिशीची गूगल शीट रोज सकाळी परत पासवर्ड मागते, आणि विजेचं बिल भरायला गेलं की पैसे भरायचं पान नुसतं गोल गोल फिरत राहतं. सगळं पहिल्यासारखं करून टाकू का?

उत्तर: नका करू काकू, भाच्याने चांगलंच काम केलंय, फक्त शेवटचं अर्धं करायचं राहून गेलंय. खजराना गणपतीला चप्पल ठेवली की हातात टोकन देतात ना, कुकी म्हणजे तसंच टोकन. साइट ते तुमच्या ब्राउझरकडे, म्हणजे क्रोमकडे, ठेवते आणि पुढच्या वेळी ते बघून तुम्हाला ओळखते. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या लू मोंटुली यांनी हे काढलं तेही खरेदीची टोपली साइटच्या लक्षात राहावी म्हणूनच. तुमच्याकडे आता क्रोमच्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या की सगळी टोकनं फेकली जातायत, म्हणून सकाळी परत पहिल्यापासून ओळख सांगावी लागते.

तर मूळ सेटिंग तसंच राहू द्या आणि रोजच्या साइट्सना तेवढी सूट द्या. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, तिथे अगदी खाली अ‍ॅडिशनल कंटेंट सेटिंग्ज उघडलं की ऑन-डिव्हाइस साइट डेटा दिसेल, त्यात डेटा ठेवायला परवानगी असलेल्या साइट्सची यादी आहे तिच्यासमोरचं अ‍ॅड दाबा. इथे बरेच जण चुकतात बघा, फक्त जीमेलचा पत्ता टाकतात आणि मग म्हणतात काही फरकच पडला नाही, कारण मेल एका पत्त्यावर उघडते, लॉगिन दुसऱ्याच पत्त्यावर होतं आणि शीट तिसऱ्यावर. म्हणून आधी चौकोनी कंसात तारा आणि टिंब, असं [*.], आणि त्याला चिकटून गूगल डॉट कॉम हा पत्ता इंग्रजीत टाइप करा, म्हणजे तिन्ही त्यात आले. मग एकदाच लॉगिन करा, क्रोम पूर्ण बंद करून उघडा, पासवर्ड मागायला नको. बँकेची साइट मात्र या यादीत घालू नका, ती थोडा वेळ काही केलं नाही की स्वतःच बाहेर काढते, आणि तसंच असावं. लॅपटॉप घरात आणखी कुणी वापरत असेल तर हेही लक्षात घ्या की सूट दिलेल्या साइटवर तुमचं लॉगिन त्यांनाही उघडंच मिळणार.

बिलाचं दुखणं वेगळं. बिलाच्या पानाच्या पोटात पैसे घेणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं पान उघडत असेल तर तिची कुकी थर्ड पार्टी ठरते, आणि भाच्याने त्या बंद केल्या असणार. त्या तशाच बंद ठेवा, जाहिरातवाले याच वाटेने या साइटवरून त्या साइटवर आपल्या मागे येतात. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्येच थर्ड-पार्टी कुकीज उघडा, तिथेही सूट दिलेल्या साइट्सची वेगळी यादी आहे, तीत बिलाच्या साइटचा पत्ता घाला, म्हणजे वर अ‍ॅड्रेस बारमध्ये दिसतो तो, पैसे घेणाऱ्या कंपनीचा नाही. आणि परत भरायच्या आधी बँकेचा मेसेज तपासा हो, फिरत राहिलेल्या पानावरही कधी कधी पैसे कापले गेलेले असतात.