बेरोजगार कोण? आधी 'रोजगार'मधला 'रोज' बघा

प्रश्न असा आलाय की 'बेकार' आणि 'बेरोजगार' यांत फरक काय, आणि बेरोजगारीचा दर खाली आला अशी बातमी आली की लोकांना कामं मिळाली असं समजायचं का.

दुसरा भाग आधी घेतो, कारण ते ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. नाही, तसं समजायचं नाही. निवेदक बिनदिक्कत सांगतात, 'दर पाच टक्के, म्हणजे शंभर माणसांत पाच बेरोजगार'. अहो, कुठली शंभर माणसं? त्या शंभरात फक्त काम करणारे आणि काम शोधणारे धरतात. शिकणारे, घर सांभाळणारे आणि शोधून शोधून थकल्यामुळे नाद सोडून दिलेले, हे कुणी त्यात नसतातच. त्यामुळे उद्या हजार जणांनी कंटाळून अर्ज करणं थांबवलं तर एकालाही काम न मिळता दर खाली येतो. 'बेरोजगारी घटली' आणि 'रोजगार वाढला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एकाच्या जागी दुसरं वापरू नका, कृपा करून.

आता शब्दाकडे येतो. 'बेकार' सरळ आहे, फारसी 'बे' म्हणजे विना आणि 'कार' म्हणजे काम. मराठीत त्याला 'निरुपयोगी, वाईट' हाही अर्थ चिकटला, बेकार पिक्चर, बेकार माणूस वगैरे, आणि म्हणून काम गेलेल्या माणसाला तो शब्द लावणं मला बरं वाटत नाही. काम नाही हा त्याचा दोष असल्यासारखं ऐकू येतं. बास, एवढाच फरक.

खरी गंमत 'रोजगार'मध्ये आहे. फारसी बोलणाऱ्याला 'रूझगार' म्हणा, तो काळ, दिवस, जमाना असं समजेल, नोकरी त्याच्या डोक्यातसुद्धा येणार नाही, काम नसलेल्याला तोही 'बीकार'च म्हणतो. हा शब्द फारसीच्या आधीच्या पहलवीतही आहे आणि तिथेही अर्थ काळच. मग यातला 'रोज', म्हणजे दिवस, आला कुठून? प्राचीन इराणच्या सम्राट दारियसनं सुमारे २,५०० वर्षांपूर्वी तिथल्याच बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख खोदवला त्यातल्या जुन्या फारसीत तारखा सांगताना दिवसाला 'रउच' म्हटलंय, आणि हे 'रउच' म्हणजे आपल्या संस्कृत 'रुच्' धातूचं सख्खं भावंड. रुच् म्हणजे चमकणं, प्रकाशणं, त्यावरून रोचन, रुची, रुचणं. लॅटिन 'लुक्स' त्याच मुळाचं, इंग्रजी 'लाइट'सुद्धा! उजेड तो दिवस, दिवस तो रोज. म्हणजे आपण तोंडाने म्हणतो ना, रोजगार आणि रुची एकत्र सापडणं अवघड, पण शब्द म्हणून ती दोघं एकाच घरातली आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप आली नाही.

इथे काही जण छातीठोकपणे सांगतात की रोजगार म्हणजे 'रोज + कार', रोजचं काम. मला हे साफ अमान्य आहे. 'गार' हा प्रत्यय 'करणारा' या अर्थाने येतो तेव्हा माणूस तयार होतो, गुन्हा करणारा गुन्हेगार, मदत करणारा मददगार. त्या न्यायाने रोजगार म्हणजे 'दिवस करणारा' व्हायला हवा, आणि 'तो रोजगार आहे' असं कुणी म्हणत नाही. 'यादगार' बघा, तो काय आठवण करणारा माणूस आहे का? तसाच हा. 'कार' ओढून आणणाऱ्यांनी एकदा तरी पहलवीतला अर्थ बघायला हवा होता, अर्थ आधी ठरवून मग फोड करायची याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

मग काळाचा अर्थ जाऊन पोटापाण्याचा कसा आला? माझं मत असं की 'रोजी'नं तो ओढून आणला. रोजी म्हणजे त्या दिवसाचं अन्न, दिवसाचा वाटा. हा शब्द इतका दमदार की पहलवी 'रोझीग'वरून अरबीनं 'रिझ्क' घेतला, त्यातूनच 'रज्जाक', अन्न देणारा. आपल्याकडे शेजारी रोजंदारी, रोजकीर्द, रोजमेळ सगळे बसलेलेच होते, हिशोब दिवसाचा, मजुरी दिवसाची, तेव्हा 'दिवस' अर्थाचा रोजगार 'दिवस भागणं' या अर्थाकडे घसरला तर नवल काय! म्हणून माझ्या लेखी बेरोजगार म्हणजे ज्याचा दिवस भागत नाही तो.

फ्रेंचांचं जाता जाता सांगतो, त्यांचा बेरोजगारीचा शब्द 'शोमाज' मागे ग्रीक 'काउमा'पर्यंत जातो, म्हणजे तापलेलं ऊन, आणि मूळ अर्थ उन्हाच्या वेळी काम थांबवून विसावा घेणं. त्यांनी मोजला विसावा, आपण मोजला दिवस.

आणि सरकारी आकडा मोजतो तास! १९८२ साली जिनिव्हात श्रमसंख्याशास्त्रज्ञांची तेरावी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे ठरलं की पाहणीच्या आठवड्यात एक तास जरी मोबदल्याचं काम केलं तरी माणूस कामावर आहे असं धरायचं. ते मूर्ख नव्हते, देशाच्या उत्पादनात मोजलेला प्रत्येक तास श्रमाच्या हिशोबातही सापडावा असा त्यामागचा विचार होता. पण आठवड्यात एक तास माल उतरवलेल्याचा दिवस भागतो का? तो बेरोजगारांत नाही एवढंच तो आकडा सांगतो. शिवाय ज्या गरीब देशांत बेकारभत्ता नाही तिथे रिकामं बसणं परवडतंच कुणाला, माणूस मिळेल ते करतो आणि दर छान कमी दिसतो. २०१३ च्या एकोणिसाव्या परिषदेत हे बरंच सुधारलं, घरच्यापुरतं पिकवणं रोजगारातून वेगळं काढलं आणि अपुरं काम असलेले नि शोध सोडलेले धरून आणखी मापं दिली, पण बातमीत येतो तो जुना एकच आकडा.

आणखी एक राहिलं, 'छुपी बेरोजगारी', म्हणजे नावाला कामावर पण खरं पुरेसं काम नाही अशी अवस्था. पाठ्यपुस्तकं ती फक्त शेतावरच्या जादा माणसांना लावतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सननं १९३६ मध्ये हा शब्द मंदीत चांगलं काम गेल्यामुळे रस्त्यावर काड्यापेट्या विकायला लागलेल्यासारख्यांसाठी वापरला होता. आज जे पदवी घेऊन मिळेल ते करतायत त्यांना तो मूळ अर्थानेच चपखल बसतो, मग तो शेतातच का कोंडून ठेवायचा?

तर त्या दराला 'कामशोध्यांचा दर' म्हणा, कारण तो तेवढंच मोजतो, आणि 'बेरोजगार' हा शब्द ज्यांचा दिवस भागत नाही त्यांच्यासाठी राहू द्या. जुन्या कागदपत्रांत, बखरीत 'रोजगार' हा 'काळ' किंवा 'दिवस' या अर्थाने कुणाला दिसला असेल तर ओळ तेवढी मला जरूर कळवा, ती मी कधीची शोधतोय.