रिव्ह्यूवाले फोन खरंच तपासतात का?

तुम्ही विचारलंय, रिव्ह्यूवाले फोन खरंच तपासतात की कंपनीने पाठवलेलं वाचून दाखवतात? दोन्ही चालतं. लोअर परळच्या एका ऑफिसात मी सहा वर्षं हेच काम करतोय. फोनच्या खोक्यासोबत 'हे मुद्दे जरूर दाखवा' असा कागद येतो. फोन हातात पडल्यापासून रिव्ह्यू टाकायच्या मुहूर्तापर्यंत कधी पाच दिवस मिळतात, कधी तीनच. मग तो कागद थोडा फिरवून लिहायचा मोह होतोच.

बेंचमार्कचा, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या ॲपचा, नुसता आकडा मी फारसा धरत नाही. २०२२ साली गीकबेंच या अशाच ॲपने सॅमसंगचे काही गॅलेक्सी फोन यादीतून काढले होते, कारण त्यांच्यात गेम आणि इतर ॲपचा वेग आवरला जायचा, बेंचमार्कचा मात्र नाही. त्यापेक्षा थ्रीडीमार्क या दुसऱ्या ॲपची स्ट्रेस टेस्ट कामाची. एक मिनिटाची फेरी सलग २० वेळा चालते, आणि फोन तापला की वेग किती पडतो ते कळतं. पण तीही कुठे लावली ते विचारा. आमच्या ऑफिसात एसी २४ वर असतो. तिथे ८५ टक्के वेग टिकवलेला एक फोन मे महिन्यात डोंबिवलीला, माझ्या घरी पंख्याखाली, साठ टक्क्यांवर आला.

बॅटरीसाठी सगळ्या फोनचा ब्राइटनेस मीटरने मोजून २०० निट्सवर (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) आणतो आणि तोच व्हिडिओ लावून ठेवतो. स्लायडर अर्ध्यावर ठेवून भागत नाही, प्रत्येक फोनचं अर्धं वेगळं असतं. जाहिरातीतले हजारो निट्स बहुधा पडद्याच्या छोट्याशा तुकड्यावर मोजलेले असतात, पूर्ण पांढऱ्या पडद्यावर ते येत नाहीत. नेटवर्कची तपासणी जाता-येता लोकलमध्ये होते. दोन फोन, एकाच कंपनीची सिम, आणि शेजारचा संशयाने बघतोय.

कॅमेऱ्याचं सांगत बसत नाही, त्यात निम्मी आवडनिवड असते.

पाण्याचं मात्र सांगतो. आयपी६८ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, त्यातला पाण्याचा भाग स्वच्छ, साध्या पाण्यात बुडवून ठरवलेला. अशा पाण्यात फोन आत भिजणार नाही, एवढाच त्या भागाचा अर्थ. ओल्या पडद्यावर बोट चालेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. गेल्या जुलैत दादर स्टेशनबाहेर असाच एक महागडा फोन घेऊन वडापावचे पैसे द्यायला उभा राहिलो. यूपीआयचा पिन तीनदा चुकला. चार दाबलं की सात उमटायचा. शर्टाला पुसावं तर शर्टही चिंब. मागे रांग वाढत होती. शेवटी वडापाववालाच म्हणाला, "राहू द्या साहेब, उद्या द्या."

रिव्ह्यूत मी हे जसंच्या तसं लिहिलं होतं. संपादकांनी काढून टाकलं.