दाणे आधी, आंबट मग, पाला शेवटी
वाचकांचे प्रश्न : कडधान्य आणि पालेभाजीचा दाटसर स्ट्यू

या स्ट्यूबद्दल आलेल्या प्रश्नांत तक्रारी निरनिराळ्या आहेत. कोणाचे दाणे टणक राहतात, कोणाचा पाला काळवंडतो, कोणाचा रस पातळ होतो. पण खोलात गेले की बहुतेक वेळा एकच गोष्ट हाती लागते : घटक बरोबर असतात, त्यांची वेळ चुकलेली असते. दाण्यांना दीड तासापर्यंत वेळ लागतो, टोमॅटोला पंचवीस मिनिटे पुरतात आणि कोवळ्या पाल्याला तीन मिनिटे. हे तिन्ही एकाच वेळी पातेल्यात गेले की कोणीतरी बिघडणारच.

प्रश्न : चार जणांना पोटभर होईल असा स्ट्यू करायचा आहे. नेमके प्रमाण आणि क्रम सांगाल का?

उत्तर : सुका पांढरा घेवडा किंवा राजमा २५० ग्रॅम, निवडून धुतलेला पाला ३५० ते ४०० ग्रॅम, दोन मध्यम कांदे, एक गाजर, लसणाच्या सहा पाकळ्या, पिकलेले टोमॅटो २५० ग्रॅम, एक तमालपत्र, चार मोठे चमचे तेल, मीठ, मिरी आणि एका लिंबाचा रस.

आदल्या रात्री दाणे निवडून धुवा. १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा मीठ विरघळवा आणि त्यात ते ८ ते १२ तास भिजवा. भिजल्यावर त्यांचे वजन जवळजवळ दुप्पट होते, म्हणून भांडे मोठे घ्या. सकाळी ते पाणी ओतून द्या, दाणे पुन्हा धुवा, नवे सव्वा लिटर पाणी आणि तमालपत्र घालून मोठ्या आचेवर ठेवा. फेस झाऱ्याने काढा. १० मिनिटे खळखळून उकळू द्या (राजमा असेल तर हे टाळूच नका, कारण पुढे दिले आहे). मग आच इतकी कमी करा, की पाण्यात अधूनमधून एखादाच बुडबुडा फुटेल. सगळा वेळ जोरात उकळत ठेवले तर दाणे एकमेकांवर आपटतात, साल सुटते आणि आतला भाग मात्र कच्चाच राहतो. अर्ध्या तासाने १ छोटा चमचा मीठ घाला. दाणे ताजे असतील तर एकूण ४५ ते ९० मिनिटांत शिजतात. पाणी दाण्यांच्या वर दोन बोटे राहायला हवे; कमी झाले तर उकळतेच पाणी घाला.

दाणे शिजेपर्यंत दुसऱ्या कढईत तेल तापवून बारीक चिरलेला कांदा आणि गाजर मंद आचेवर १२ ते १५ मिनिटे परता. कांदा पारदर्शक होऊन कडेने सोनेरी व्हायला हवा. इथे घाई केली तर कांद्याचा गोडवा रसात उतरत नाही आणि ती उणीव नंतर कुठल्याही मसाल्याने भरून निघत नाही. शेवटच्या मिनिटाला लसूण घाला, मग टोमॅटो. तेल सुटेपर्यंत साधारण १० मिनिटे शिजवून गॅस बंद करा आणि कढई तशीच ठेवा.

दाणे पूर्ण मऊ झाले, की मगच ही कढई त्यांच्यात रिकामी करा. दोन्ही मिळून १५ मिनिटे मंद उकळा. एक चतुर्थांश दाणे पळीच्या पाठीने पातेल्याच्या कडेला दाबून ठेचा, पाला घाला, तो शिजला की गॅस बंद करून लिंबू पिळा आणि मिरी घाला.

प्रश्न : दाणे शिजले हे नक्की कसे ओळखायचे? एक दाणा दाबून पाहतो तेव्हा तो मऊ असतो, पण ताटात काही टणक लागतात.

उत्तर : एका दाण्यावर विसंबू नका. पातेल्याच्या वेगवेगळ्या भागांतून पाच दाणे काढा. पाचही दाणे जीभ टाळूवर दाबून फुटायला हवेत आणि आत पिठूळपणा किंवा खडूसारखी कणी लागता कामा नये. एक जरी कणीदार निघाला तरी आणखी १० मिनिटे ठेवा. जुनी आणि नवी खरेदी एकाच डब्यात मिसळली असेल, तर अशी असमान शिजवण हमखास होते. निरनिराळ्या जातींचे दाणे एकत्र करायचे असतील तर वेगवेगळे शिजवून शेवटी मिसळा.

प्रश्न : रात्रभर भिजवून, दोन तास शिजवूनही दाणे टणकच राहिले. मीठ आधी घातल्यामुळे असे झाले का?

उत्तर : मिठाला यात उगीच बोल लागतो. उलट मीठ मदत करते. दाण्याच्या सालीतील पेक्टिन (पेशींना एकमेकींशी जोडून धरणारा पदार्थ) कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे घट्ट बांधलेले असते. मिठातले सोडियम त्यांची थोडी जागा घेते, साल सैल पडते आणि दाणा न फुटता मऊ होतो. म्हणून तर भिजवण्याच्या पाण्यातच मीठ घालायला सांगितले आहे.

खरी कारणे तीन. पहिले म्हणजे जुने दाणे. उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने राहिलेल्या दाण्यांत पेशींच्या भिंती बदलतात आणि मग ते कितीही उकळले तरी हटत नाहीत. असे दाणे भिजवल्यावरही बरेचसे सुरकुतलेले किंवा न फुगलेले दिसतात, ती खूण लक्षात ठेवा. दुसरे, जड पाणी. ज्या पाण्याने किटलीत पांढरा थर बसतो आणि साबणाला फेस येत नाही, त्यातले कॅल्शियम दाण्याची साल आणखी घट्ट करते. भिजवायला आणि शिजवायला गाळणयंत्राचे मऊ पाणी वापरले तर फरक लगेच जाणवतो. तिसरे कारण आंबट. टोमॅटो, चिंच, लिंबू, व्हिनेगर यांपैकी काहीही दाणे कच्चे असताना पडले, की पेक्टिन विरघळणे मंदावते आणि तासाचे दोन तास होतात.

दाणे जुने आहेत किंवा पाणी जड आहे हे ठाऊक असेल, तर २५० ग्रॅम दाण्यांच्या शिजवणीच्या पाण्यात पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. त्याहून जास्त नको : चव साबणासारखी होते, साल लगद्यात विरघळते आणि ब१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. आणि जागा समुद्रसपाटीपासून फार उंच असेल, तर तिथे पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते. १५०० मीटरवर सुमारे ९५ अंशांना. तिथे उघड्या पातेल्याचा नाद सोडून प्रेशर कुकर वापरावा.

प्रश्न : प्रेशर कुकरमध्ये किती शिट्ट्या?

उत्तर : शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटे मोजा, कारण शिट्टीचा वेग आचेवर आणि कुकरच्या आकारावर ठरतो. भिजवलेला राजमा असेल तर एक शिट्टी झाल्यावर आच मंद करून १५ ते २० मिनिटे ठेवा. पांढऱ्या घेवड्याला १० ते १५ मिनिटे पुरतात, चवळीला ५ ते ८. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका आणि एक छोटा चमचा तेल घाला. दाण्यांचा फेस झडपेत अडकण्याचा धोका त्याने कमी होतो. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ एकदम काढली, की कुकरमधले पाणी अचानक उसळते आणि शिजलेले दाणे सालीसकट फुटतात.

प्रश्न : स्लो कुकरमध्ये (मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) सकाळी सगळे घालून संध्याकाळी स्ट्यू तयार मिळाला तर सोयीचे होईल. राजमा असा चालेल का?

उत्तर : कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये थेट कधीही घालू नका. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. ते नष्ट झाले नाही तर खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोरदार मळमळ, उलट्या आणि मागोमाग जुलाब होऊ शकतात. अर्धकच्चे चार-पाच दाणेसुद्धा त्याला पुरतात. स्लो कुकर पुष्कळदा ८० अंशांच्या खालीच राहतो. तेवढ्या उष्णतेने दाणा मऊ पडतो, खाण्याजोगा दिसतो, पण विष शिल्लक राहते. कच्च्या दाण्यापेक्षा त्याचा जोर वाढूही शकतो. म्हणून मऊपणा ही इथे सुरक्षिततेची खूण धरता येत नाही.

उपाय सोपा आहे. किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात कमीत कमी १० मिनिटे खळखळून उकळा. ३० मिनिटे उकळलेत तर अधिक चांगले. त्यानंतर दाणे स्लो कुकरमध्ये घालायला हरकत नाही. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, तिथे ही चिंता उरत नाही. पांढऱ्या घेवड्यात हे प्रथिन राजम्यापेक्षा बरेच कमी असते, तरी उकळीचा नियम त्यालाही लावावा.

प्रश्न : पाला कधी घालायचा? माझा स्ट्यू चवीला बरा लागतो, पण पाला काळपट-तपकिरी होतो.

उत्तर : सगळा पाला एका मापाने मोजू नका. पालक, कोवळा माठ, चार्डची (बिटाच्या जातीची पालेभाजी) पाने यांना २ ते ४ मिनिटे बास. केल (कोबीच्या कुळातली जाड पानांची भाजी), कोबी, मोहरीचा जून पाला यांना १५ ते २५ मिनिटे हवीत. त्यांना तीन मिनिटांत उतरवले तर चावताना कागद चावल्यासारखे वाटते. देठ फेकू नका, बोटाच्या पेराएवढे चिरून पानांच्या ५ ते ८ मिनिटे आधी घाला. केलची मधली शीर मात्र जून आणि धागेदार असेल तर काढून टाका.

रंग जातो तो उष्णता आणि आंबटपणा यांमुळे. हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू निसटला की हिरवा रंग ऑलिव्हसारखा मळकट होतो. टोमॅटोच्या रसात हे लवकर घडते. त्यामुळे कोवळा पाला अगदी शेवटी घाला, झाकण उघडे ठेवा (पाल्यातली उडून जाणारी आम्ले वाफेबरोबर निघून जातात) आणि लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा. केलसारखा पाला पंचवीस मिनिटे शिजल्यावर गडदच होणार. त्याचे वाईट वाटून घेऊ नका, त्याची चव तेव्हाच खुलते. हिरवा राहावा म्हणून सोडा घालणे आम्हाला अजिबात पसंत नाही. पाला बुळबुळीत होतो.

आणखी एक बारीक गोष्ट : पाला धुतल्यावर नीट निथळू द्या. ४०० ग्रॅम पानांबरोबर बरेच पाणी रसात जाते.

प्रश्न : पालक घातला की दात खरखरीत लागतात. काय करावे?

उत्तर : ते ऑक्झॅलिक आम्लामुळे. पालक उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवून काढा, ते पाणी टाकून द्या, पाने हलके पिळून स्ट्यूमध्ये घाला. हे आम्ल त्या पाण्यात बऱ्यापैकी उतरते. कडू पाल्यालाही हाच उपाय लागू पडतो.

प्रश्न : रस पाणचट होतो. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावावे का?

उत्तर : नको. दाटपणा दाण्यांतच आहे. शिजवणीचे पाणी ओतून देऊन नवे पाणी घालण्याची चूक पुष्कळ जण करतात. टाकायचे ते भिजवण्याचे पाणी. शिजवणीच्या पाण्यात दाण्यांचा स्टार्च उतरलेला असतो, तोच रसाला अंग देतो. पाव ते एक तृतीयांश दाणे ठेचा आणि झाकण काढून १० मिनिटे उकळा. तरीही पातळ असेल तर थोडा थांबा : गॅस बंद केल्यावर १५-२० मिनिटांत स्ट्यू आपोआप घट्ट होतो. गरम असतानाच हवा तेवढा दाट केला, तर वाढेपर्यंत त्याचा गोळा होतो.

प्रश्न : सगळे नीट करूनही चव सपक. मांस घालायचे नाही.

उत्तर : आधी मीठ तपासा. दाणे मीठ खूप शोषतात, त्यामुळे रस चाखून ठीक वाटले तरी दाणा अळणी असू शकतो. चाखताना दाणा आणि रस एकत्र घ्या. नंतर आंबट तपासा, एक छोटा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून पुन्हा चाखा. या दोन्हींनी भागले नाही तरच पुढे जा : १० ग्रॅम सुकी अळिंबी कोमट पाण्यात २० मिनिटे भिजवून पाण्यासकट घाला (तळाची माती गाळून), किंवा एक मोठा चमचा सोया सॉस. जुन्या कडक चीजची साल अर्धा तास स्ट्यूमध्ये उकळून काढून टाकली तरी रसाला खोली येते. वाढताना प्रत्येक वाडग्यावर एक छोटा चमचा चांगले कच्चे तेल सोडा. पाल्याचा उरलासुरला कडूपणा त्याने बोथट होतो.

प्रश्न : डबाबंद दाणे वापरले तर?

उत्तर : चालतात. ४०० ग्रॅमच्या डब्यात निथळलेले दाणे साधारण २४० ग्रॅम निघतात, म्हणजे वरच्या प्रमाणाला अडीच डबे. ते आधीच शिजलेले असल्याने राजम्याची भीती नाही. धुऊन घ्या, कढईतल्या टोमॅटोवर घाला, पाऊण लिटर पाणी ओता आणि २० मिनिटे मंद उकळा. मीठ शेवटी. त्यांचा रस घरच्याइतका दाट होत नाही, म्हणून इथे एक तृतीयांश दाणे ठेचाच.

प्रश्न : दोन दिवसांचा एकदम करून ठेवता येईल?

उत्तर : दाण्यांचा भाग दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो, पाल्याचा बिघडतो. त्यामुळे पाला घालण्याआधीच निम्मा स्ट्यू बाजूला काढा. मोठ्या पातेल्यात तो तासन्‌तास कोमट राहतो आणि जिवाणूंना तेच हवे असते. उथळ डब्यांत पसरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. ५ अंशांखाली तीन ते चार दिवस टिकतो, फ्रीजरमध्ये तीन महिने. डबा काठोकाठ भरू नका, गोठताना रस फुगतो. गरम करताना अर्धा कप पाणी घाला, तळापासून ढवळत वाफाळती उकळी आणा आणि मग ताजा पाला टाका.