रागाच्या भरात मारले, म्हणून खून ठरत नाही का?

प्रश्न : आमच्या भागात एका अरुंद वळणावर मोटारीला दुचाकी घासली आणि दोघा चालकांत बाचाबाची झाली. मोटारवाल्याने डिकी उघडून जॅकचा दांडा काढला व दुचाकीस्वाराच्या डोक्यात घातला. दुसऱ्या दिवशी तो दगावला. तो माझा मावसभाऊ. ‘डोके फिरले, हातून घडून गेले,’ असे आरोपीकडचे लोक सांगतात. यामुळे शिक्षा खरोखरच कमी होते का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमच्या कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे. शिक्षा कमी होऊ शकते, परंतु केवळ राग आला होता एवढ्यावर नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या, खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम १०१ मधील दोन अपवादांचा आधार बचाव पक्ष बहुधा घेईल. एक, मृताने दिलेल्या गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे आरोपीचा स्वतःवरील ताबा सुटणे. दुसरा, पूर्वतयारीविना अचानक जुंपलेले भांडण. प्रक्षोभ गंभीर होता की नाही, हे सर्वसामान्य समंजस माणसाच्या मापाने ठरते, आणि गाडीला ओरखडा पडणे त्या मापात बसते असे मला मुळीच वाटत नाही.

खरा वाद दुसऱ्या अपवादावर होईल. तेथे भांडण कोणी उकरून काढले हे गौण असते. मात्र आरोपीने गैरफायदा घेतलेला नसावा आणि तो क्रूरपणे वागलेला नसावा, ही अट आहे. म्हणूनच डिकीपर्यंत जाणे, ती उघडणे, दांडा शोधणे, परत येणे आणि निःशस्त्र माणसाच्या नेमके डोक्यावर घाव घालणे, यांतली प्रत्येक कृती महत्त्वाची आहे. पत्नीच्या प्रियकराला गोळी घालणारे नौदल अधिकारी नानावटी यांच्या खटल्यात, पत्नीने संबंधांची कबुली दिल्यानंतर रिव्हॉल्व्हर मिळवून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते; तेवढ्यात राग शमायला अवधी मिळाला, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये म्हटले. तुमच्या प्रकरणात अवधी मिनिटाचाच असेल, त्यामुळे निकाल तितका सरळ नाही. हत्यार हातातच होते की मुद्दाम आणले, घाव एक की अनेक, यावर बरेच अवलंबून राहील.

अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. तो सिद्ध झाला तरी आरोपी निर्दोष सुटत नाही. गुन्हा खुनाऐवजी कलम १०५ खालील सदोष मनुष्यवध ठरतो आणि मारण्याचा उद्देश दिसल्यास त्यालाही जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षांची कैद व दंड होऊ शकतो.

आसपासच्या दुकानांतील सीसीटीव्हीचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते. ते ताब्यात घेण्याविषयी तपास अधिकाऱ्याला आजच लेखी अर्ज द्या व पोच घ्या. डिकी उघडताना पाहणाऱ्या साक्षीदाराच्या जबाबात ती गोष्ट स्पष्ट नोंदवली जाईल, याकडे लक्ष ठेवा. सत्र न्यायालयाने पुढे सौम्य कलमाखाली शिक्षा दिली, तर मृताच्या वारसांना पर्वरी येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे स्वतंत्र अपील करता येते.