रेटिनाच्या पेशींमागचं पाणी

प्रश्न: रेटिनाच्या (डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेल्या थराच्या) पेशींच्या मागे पाणी असतं म्हणे, मग ते साचत कसं नाही?

उत्तर: असतं, पण अगदी थोडं. रॉड आणि कोन या प्रकाश टिपणाऱ्या पेशींची टोकं नि त्यांच्या मागचा आरपीई नावाचा थर यांच्यात बारीकशी फट असते, तिथे नुसतं पाणी नाही तर प्रोटीन आणि साखरेच्या साखळ्यांचं चिकट जेल असतं आणि त्यातूनच व्हिटॅमिन ए ची ये-जा चालते, म्हणून तर आपल्याला दिसतं! आरपीई दिवसरात्र पाणी मागे खेचून रक्तवाहिन्यांकडे पाठवतो, त्या ओढीमुळेही रेटिना जागेवर चिकटून राहतो. रेटिनाला भोक पडून त्याच्या मागे पाणी शिरलं की तो सुटायला लागतो. अचानक चमका, खूप काळे ठिपके किंवा कडेने पडदा आल्यासारखं वाटलं तर प्लीज त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, दुखत नाही म्हणून थांबू नका.