पावती अजून ह्यांच्याच नावावर

प्रश्न : वय ७६. रामबागेत जुनं दुमजली घर आहे. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली. वर मी एकटी, खाली कोचिंगची तीन मुलं भाड्यानं. पेन्शन नाही, भाड्यावरच भागतं. ते भाचा त्याच्या फोनवर घेतो आणि मला आणून देतो. मुलगा पुण्याला, मुलगी उज्जैनला. चार वर्षांचा संपत्तिकर थकलाय. म्हाताऱ्यांना तो माफ असतो म्हणतात, खरं का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, नुसत्या वयाला माफी नाही. पण मध्य प्रदेशच्या १९५६ च्या नगरपालिक निगम कायद्याचं कलम १३६ तुमच्या कामाचं आहे. मालक विधवा असेल, किंवा शरीरानं-मनानं अधू असल्यामुळे कमवू शकत नसेल, आणि घरभाडं हाच पोटापाण्याचा मुख्य आधार असेल, तर सवलत मागता येते.

अडतं ते 'मालक' या शब्दावर. पावती काढून बघा, वर यजमानांचंच नाव असेल. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं तुमचा, मुलाचा, मुलीचा वाटा सारखा. म्हणजे आधी नामांतरण, पालिकेच्या कागदावर वारसांचं नाव लावून घेणं: मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, दोन्ही मुलांच्या सह्या. मी ३१ वर्षं करवसुलीच्या खिडकीत बसलो, तरी सख्ख्या मावशीचा सवलतीचा अर्ज नामांतरणाआधीच लिहून मोकळा झालो. तो आठवड्यात परत आला. मावशी अजून बोलून दाखवते.

दुसरं, भाडं भाच्याच्या फोनवर का? भाचा सोन्यासारखा असेल, पण कागदावर ती त्याची कमाई दिसते. भाडेकरू मुलांना सांगा, या महिन्यापासून भाडं माझ्याच खात्यात टाका. पासबुकातल्या त्या तीन ओळी शेजाऱ्यांच्या दहा साक्षींपेक्षा कामाच्या.

वरचा मजला संपत्तिकराच्या विवरणात 'स्वनिवास', म्हणजे स्वतः राहायचा भाग, म्हणून वेगळा दाखवलाय ना? राहत्या भागाला संपत्तिकरात निम्मी सूट असते. पुष्कळांचं अख्खं घर भाड्याचं म्हणून लागलेलं असतं आणि कुणी वाचतच नाही. जलकर आणि कचऱ्याचे पैसे मात्र वेगळे, ते भरावेच लागतात.

थकबाकीचं म्हणाल तर नेशनल लोक अदालतीची तारीख पेपरात बघत राहा. अलीकडे ५०,००० रुपयांपर्यंतच्या थकबाकीवर अधिभार, म्हणजे उशिराचा दंड, पूर्ण सोडतात; मूळ रक्कम भरावीच लागते.

पालिकेच्या झोन कार्यालयात जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का पडल्याशिवाय खुर्ची सोडू नका.